सोडत न्याय्य आहे, वाट पाहायला लावणं नाही

शिक्षणहक्क कायद्याने (आरटीई) खासगी शाळांत राखीव ठेवलेल्या २५ टक्के जागांची महाराष्ट्रातली सोडत २०२३ मध्ये ५ एप्रिलला निघाली आणि पालकांना निकाल कळायला १२ एप्रिल उजाडला. २०२४ मध्ये सोडत जूनमध्ये काढली गेली, पण निकाल हाती आला २० जुलैला. २०२५ मध्ये सोडत १० फेब्रुवारीलाच निघाली. एक निकाल भर उन्हाळ्यात, दुसरा पावसाळ्यात, तिसरी सोडत थंडी सरताना. ज्या घरात पहिलीत जाणारं मूल आहे, त्या घराने आपलं वर्ष या तारखांवर बेतायचं तरी कसं?

मी शिक्षण खात्यात नाही, शाळाही चालवत नाही. आमच्या वस्तीतल्या पालकांचे ऑनलाइन अर्ज भरून देते, एवढाच माझा या विषयाशी संबंध. त्यालाही आता सहा-सात वर्षं झाली. जन्मदाखले, रेशनकार्डं, तहसीलदारांच्या सहीचे उत्पन्नाचे दाखले हाताखालून गेले. गुगल मॅपवर घराची जागा दाखवणारा बलून नेमका कुठे ठेवायचा यावर मी आणि पालक अर्धा-अर्धा तास डोकं लावून बसलो आहोत, कारण वस्तीतल्या बोळांना नकाशावर नावच नसतं आणि बलून चार बोटं सरकला तर शाळा एक किलोमीटरच्या आतून बाहेर जाते. या अनुभवावरून माझं ठाम मत झालं आहे. सोडत ही पद्धत योग्य आहे आणि तिच्यावर राग काढू नये. चूक आहे ती सोडतीच्या आधी आणि नंतर पालकांना ज्या अनिश्चिततेत ठेवलं जातं तिच्यात. ही अनिश्चितता नशिबातून येत नाही, कामकाजातून येते. म्हणूनच ती दूर करता येण्यासारखी आहे.

आधी सोडतीबद्दल, कारण तिच्याविरुद्धची तक्रार मी दरवर्षी ऐकते. 'हक्क म्हणता आणि लॉटरी लावता?' असं पालक चिडून विचारतात. प्रश्न रास्त आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या बाराव्या कलमाने खासगी विनाअनुदानित शाळांवर बंधन घातलं, की प्रवेशाच्या वर्गातल्या किमान २५ टक्के जागा परिसरातल्या वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या आणि त्यांना आठवीपर्यंत मोफत शिकवायचं. शाळाचालक याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ एप्रिल २०१२ ला न्यायालयाने विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळा वगळून ही तरतूद कायम ठेवली. एवढं सगळं झाल्यावरही जागा थोड्या आणि मुलं जास्त, हा हिशेब उरतोच. २०२५ च्या प्रवेशांसाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांच्या वर. तीन मुलांमागे जेमतेम एक जागा असताना निवड कशी तरी करावीच लागणार.

मग ती कशी करायची? मुलाखत घ्यायची तर सहा वर्षांच्या मुलाची कसली घ्यायची? त्या वयात मूल जे बोलतं, ते बहुतांशी घरात ऐकलेलं असतं. मुलाची परीक्षा म्हणून जे काही घेतलं जातं ती आईवडिलांच्या भाषेची, कपड्यांची, नोकरीची परीक्षा असते. कायद्याच्या तेराव्या कलमाने देणगीबरोबरच ही चाळणीही बंद केली. चाळणी म्हणजे काय, याची व्याख्याही कायद्याने केली आहे: चिठ्ठ्या टाकल्यासारखी, कुणालाही झुकतं माप न देणारी निवड सोडून दुसरी कोणतीही पद्धत. मला हे या कायद्यातलं सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं. लहान मुलांमध्ये पात्र आणि अपात्र असं काही नसतं, हे त्यात मान्य केलेलं आहे.

सगळ्या राज्याचा निकाल एकाच वेळी लागतो, तेही मला पटतं. शाळांनी आपापल्या सोयीने निकाल लावले असते तर एका शाळेने 'उद्यापर्यंत सांगा' म्हणून घाई केली असती, दुसरीने ओळखीच्या माणसाला आधी कळवलं असतं, आणि ज्याला विचारायला कुणी नाही तो शेवटी राहिला असता. एका दिवसाच्या निकालात अशी कुजबुज चालत नाही. पण तो दिवस सोपा नसतो. पोर्टल उघडत नाही, कारण एकाच वेळी सगळे ते उघडत असतात. 'केवळ एसएमएसवर अवलंबून राहू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती पाहा,' अशी सूचना खातं देतं, आणि अर्जात नंबर असतो तो फोन नवऱ्याच्या खिशात, नवरा गाडी घेऊन परगावी. अशी बाई माझ्या दारात येते. मी अर्ज क्रमांक टाकते. पान फिरत राहतं. ती पदराने हात पुसत उभी असते, बस म्हटलं तरी बसत नाही.

त्या संध्याकाळी वस्तीत एक वेगळंच वागणं दिसतं. ज्यांच्या मुलाला शाळा मिळाली ते लगेच पेढे वाटत नाहीत. भिंतीला भिंत लागून असते, आणि पलीकडच्या घरातही त्याच वयाचं मूल आणि तोच अर्ज असतो. चार-आठ दिवस जाऊ देतात, मग सांगतात. ही समजूत त्यांना कुणी शिकवलेली नाही. मुलांच्या बाबतीत मात्र आपण मोठे चुकतो. 'नंबर लागला' आणि 'नंबर लागला नाही' हेच शब्द आपण शर्यतीला वापरतो, परीक्षेला वापरतो आणि सोडतीलाही. मुलाला फरक कसा कळणार? एका मुलाने मला विचारलं होतं, 'मावशी, माझं काय चुकलं?' त्याने अजून एकही परीक्षा दिलेली नव्हती. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला सांगते, की निकाल लागेपर्यंत मुलाजवळ शाळेचं नाव काढू नका. पण महिनोन्महिने घरात दुसरा विषयच नसतो, तिथे नाव तरी किती दिवस लपवणार?

मुद्दा आहे तो या महिन्यांचा.

फी भरून प्रवेश घेणारं कुटुंबही वाट पाहतं आणि त्यांचीही तगमग खरी असते. पण त्यांच्या प्रवेशाची हालचाल बऱ्याच शहरांत दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि नव्या वर्षात जागा पक्की झालेली असते. एक शाळा नाही तर दुसरीत पैसे भरून नाव घालता येतं, आणि पहिल्या शाळेतून बोलावणं आलं तर ते पैसे सोडूनही देता येतात. हातात पर्याय ठेवून वाट पाहणं आणि पर्यायाशिवाय वाट पाहणं यात फार फरक आहे. आरटीईच्या पालकापुढे तीनच रस्ते उरतात, आणि तिन्हींवरून गेलेली माणसं मी पाहिली आहेत. एक म्हणजे जवळच्या छोट्या इंग्रजी शाळेत पैसे भरून नाव घालून ठेवायचं. आमच्याकडच्या एका रिक्षावाल्या दादांनी भिशी उचलून हे केलं. दोन महिन्यांनी सोडतीत मुलीला शाळा मिळाली, आणि भरलेले पैसे परत मिळणार नाहीत असं पहिल्या शाळेने सांगितलं. त्यांनी भांडण केलं नाही. 'पोरीचं भलं झालं ना,' म्हणाले, आणि पुढची भिशी लागेपर्यंत रोज दोन तास जास्त गाडी चालवली. दुसरा रस्ता म्हणजे महापालिकेच्या शाळेत घालायचं आणि शाळा मिळाली तर काढून न्यायचं. त्यात त्या शाळेतल्या बाईंचं वर्षाचं गणित बिघडतं, आणि मुलाला एका वर्षात दोनदा 'नवीन मूल' व्हावं लागतं. तिसरा रस्ता म्हणजे मुलाला घरीच ठेवायचं आणि मेसेजची वाट पाहायची. कुणी हा रस्ता निवडला की लोक म्हणतात, यांना शिक्षणाची किंमत नाही. मला दिसतं ते उलट आहे. हीच माणसं आपल्या मुलाचं एक अख्खं वर्ष डावावर लावून बसलेली असतात.

निकालाला जितका उशीर होतो तितका हा खर्च वाढत जातो, आणि तो उचलतात ते कोण? दुर्बल घटकातून अर्ज करायचा तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १ लाखाच्या आत असावं लागतं. महिन्याला साधारण ८,३०० रुपये. सरकारी वेळापत्रक महिनाभर पुढे गेलं तर कार्यालयाचं काही अडत नाही. या घराचं मात्र त्या महिन्यात बरंच काही मोडतं.

२०२४ हे वर्ष मी विसरू शकत नाही. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्य सरकारने नियमांत बदल करणारी अधिसूचना काढली: ज्या खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला २५ टक्क्यांच्या बंधनातून सूट. शहरात असा कोपरा सापडणं कठीण, जिथे किलोमीटरच्या आत अशी एकही शाळा नाही. म्हणजे ज्या शाळांसाठी लोक अर्ज करत होते त्यातल्या बहुतेक यादीतून गेल्या. एप्रिलमध्ये नव्या नियमांनी नोंदणी सुरू झाली. सरकारी आणि अनुदानित शाळाही यादीत आल्याने कागदावर जागा भरपूर वाढल्या होत्या, पण अर्ज फारच कमी आले, कारण ज्या शाळेत एरवीही मोफत प्रवेश मिळतो तिच्यासाठी सोडतीचा अर्ज कोण करेल? पालक आणि संघटना उच्च न्यायालयात गेल्या. ६ मे ला न्यायालयाने स्थगिती दिली. नोंदणी जुन्या नियमांनी पुन्हा पहिल्यापासून. जूनमध्ये सोडत निघाली, पण निकाल जाहीर झाला नाही. १९ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी यादी लागली. शाळा तोवर महिनाभर भरत होत्या.

त्या वर्षी मी एका आईला एकाच मुलासाठी दोनदा अर्ज भरून दिला. तिचा मुलगा ऑगस्टमध्ये वर्गात गेला. वर्गातल्या जोड्या ठरून गेल्या होत्या, डबा कुणी कुणाबरोबर खायचा हेही ठरलं होतं. 'सगळे एकमेकांना ओळखतात, हाच एकटा नवा,' ती म्हणाली. त्यात ही मुलं 'आरटीईवाली' म्हणून वेगळी ओळखू येऊ नयेत ही कायद्याची अपेक्षा. सगळ्यांबरोबर पहिल्या दिवशी आलेलं मूल मिसळून जातं. दीड महिन्याने एकटं आत आलेलं मूल, वर्गाने आधी बघितलेलं असतं तेच मुळी वेगळं म्हणून. उशिराने होणारं हे नुकसान कोणत्याही आदेशाने भरून निघत नाही.

न्यायालयाचा निकाल योग्य होता, लढणाऱ्यांनी लढावं हेही योग्यच होतं. माझा आक्षेप आहे तो प्रवेशाचा हंगाम तोंडावर आलेला असताना नियम बदलण्याला. बदल चांगला की वाईट हा वाद क्षणभर बाजूला ठेवू. समजा तो उत्तम होता. तरीही फेब्रुवारीत काढलेला नियम त्याच जूनच्या प्रवेशाला लावला तर आव्हान येणार, स्थगिती येणार आणि मधल्या काळात मुलं घरी बसणार, हे आधी दिसायला हवं होतं.

बरं, न्यायालयीन भानगड नसलेल्या वर्षी तरी सगळं सुरळीत होतं का? पहिली यादी लागते, मग कागदपत्रांची पडताळणी सुरू होते. इथे भाडेकरार नावाचा मोठा अडसर आहे. करार नोंदणीकृत हवा, अर्जाच्या आधीचा हवा. वस्तीतला घरमालक करार नोंदवायला तयार नसतो; भाडं रोख घेतो आणि कागद नको म्हणतो. चुकीच्या पत्त्यावर, खोट्या दाखल्यांवर प्रवेश घेणारे लोक आहेत, हे मी नाकारत नाही. एखाद्याने खोटा पत्ता दिला की खऱ्या पत्त्यावरचं एक मूल बाहेर राहतं, म्हणून पडताळणी कडकच हवी. पण ती वेळेत व्हावी. होतं असं की ठरलेल्या तारखेपर्यंत प्रवेश पुरे होत नाहीत आणि मुदतवाढ मिळते. मग आणखी एक मुदतवाढ. ज्याचा दाखला तहसीलमध्ये अडकला आहे त्याला ती हवीच असते, मी स्वतः लोकांसाठी ती मागितली आहे. पण प्रत्येक मुदतवाढीच्या मागे प्रतीक्षा यादीतलं एक मूल असतं, ज्याची पाळी तितकीच पुढे ढकलली जाते. यादीत नाव आहे हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असतं. यादी कधी सरकेल आणि कधी बंद होईल, हे नसतं. मला विचाराल तर स्वच्छ 'नाही' मिळालेलं घर लवकर सावरतं. 'कदाचित' मिळालेलं घर जूनपर्यंत लटकत राहतं.

'फुकट मिळतंय तर थोडं थांबायला काय होतं?' हे मी चांगल्या शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकलं आहे. एक तर हे फुकट नाही, राज्य शाळांना या मुलांच्या फीची भरपाई, म्हणजे प्रतिपूर्ती देतं. महाराष्ट्रात तिची कमाल मर्यादा बरीच वर्षं एका विद्यार्थ्यामागे १७,६७० रुपये होती. ती वेळेवर मिळत नाही ही शाळांच्या संघटनांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. त्याचाही संबंध या वाट पाहण्याशी आहे. प्रक्रियेची पहिली पायरी म्हणजे शाळांनी पोर्टलवर नोंदणी करून जागा दाखवणं. पैसे थकले की शाळा नोंदणीला मागे-पुढे करतात, त्यांनाही मुदतवाढ द्यावी लागते, आणि पुढचं सगळं वेळापत्रक घसरतं. सरकारने शाळेचं देणं उशिरा दिलं की त्याचं व्याज असं मुलांकडून वसूल होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सरकारी शाळाच इतक्या चांगल्या करा की कुणाला ही सोडत लागू नये. मला हे मनापासून मान्य आहे. जिल्हा परिषदेच्या उत्तम शाळा मी पाहिल्या आहेत, जिथे शिक्षकांनी गाव उभं करून शाळा घडवली. पण चांगली सरकारी शाळा देऊ हे वचन पुढच्या काही वर्षांचं आहे आणि सहा वर्षांचं मूल यंदाच्या जूनमध्ये पहिलीत जाणार आहे. पुढचं काम दाखवून आजच्या हक्काची तारीख पुढे ढकलता येत नाही.

माझं मागणं लहान आहे. प्रवेशाच्या तारखा दरवर्षीच्या परिपत्रकावर न सोडता नियमांत घालाव्यात आणि वेळापत्रक दिवाळीच्या आत जाहीर व्हावं. पहिली यादी जानेवारी संपण्यापूर्वी लागावी. हे अशक्य म्हणता येणार नाही, कारण २०२५ मध्ये नोंदणी जानेवारीच्या मध्यावर सुरू होऊनही, मुदतवाढ धरून, १० फेब्रुवारीला सोडत निघाली. तेच तीन आठवडे अलीकडे ओढायचे आहेत. प्रतीक्षा यादी ३० एप्रिलपर्यंत पुरी सरकवावी; त्यानंतर एखादी जागा रिकामी झाली तर ती वाया घालवू नये, पण दर पंधरवड्याच्या ठरलेल्या दिवशीच भरावी, म्हणजे मधल्या दिवसांत घरं श्वास रोखून बसणार नाहीत. पडताळणीत अर्ज बाद झाला तर कारण एका ओळीत, लेखी, मराठीत मिळावं आणि दाद कुणाकडे मागायची ते त्याच ओळीखाली असावं. पडताळणीची कार्यालयं पडताळणीच्या काळात रविवारी उघडी असावीत, कारण रोजंदारीवरच्या माणसाला मंगळवारी सकाळी अकराला या म्हणणं म्हणजे त्याचा त्या दिवसाचा पगार कापणं आहे. आणि वेळापत्रक जाहीर झाल्यानंतर केलेला कोणताही नियमबदल त्या वर्षाच्या मुलांना लागू होऊ नये.

यातल्या एकाही गोष्टीला नवीन कायदा लागत नाही. जागा एकही वाढणार नाही, तीनातली दोन मुलं तेव्हाही बाहेरच राहतील, आणि त्यांच्या आयांना तसं सांगताना मला तेव्हाही जड जाईल. फरक एवढाच, की ते मी त्यांना फेब्रुवारीत सांगेन. तेव्हा जवळच्या शाळेत जागा शिल्लक असेल आणि भिशी अजून उचललेली नसेल. मुलाला नव्या दप्तरासह पहिल्याच दिवशी, सगळ्यांबरोबर, कुठल्यातरी एका वर्गात बसवता येईल.